फटफटीला जुंपलेली दमणी

आमच्या घरात सगळ्यात जास्त दागिने फटफटीच्या अंगावर होते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात एका जिनिंगमध्ये कारकून होतो आणि लष्कराच्या लिलावातून निघालेली एक जुनी विलायती मोटारसायकल मी घेतली होती. दर रविवारी तिचं पितळ चिंचेनं घासायचो. सीटला मखमल आणि मखमलीला झालर. पुढे पितळी दिवा, आणि हँडलवर पितळी चौकटीचा गोल आरसा. (तो आरसा मी माझ्या मिशा नीट दिसतील अशा बेतानं बसवला होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे लागेल.) सकाळच्या गारव्यात पाळधीच्या पुढे लिंबाच्या सावलीतून ती धुगधुगत निघाली की मला आपण कारकून आहोत याचा विसर पडायचा. चालू होईपर्यंत मात्र चांगलाच लक्षात राहायचा. लाथा मारून पोटऱ्या सुजायच्या. आणि एकदा चालू झाली की बंद पडायच्या आत निघायचं, हा तिचा नियम होता.

माझं तेवढ्यावर भागलं असतं, पण घरच्यांचं भागेना. आईनं दिव्याला लिंबू-मिरची बांधली. बायकोनं सायलेन्सरला पदर पोळू नये म्हणून गोधडीचा तुकडा गुंडाळला. तो पहिल्याच दिवशी पेटला, तर म्हणाली, "तुमच्या गाडीत उष्णता फार." आणि मग आखाजी आली.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशात लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी धाकटी बहीण कमल हिची लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. सासर धुळ्याचं. पण लग्नात आमचे वडील, म्हणजे आबा, पंगत उठायच्या आधीच व्याह्यांचा निरोप न घेता निघाले होते. गाईला वेणा लागल्या होत्या हे खरं कारण, पण कमलचे सासरे नाना यांना ते पटलं नाही. त्यांनी कळवलं, "लेकीला न्यायला बाप स्वतः आला, तोही दुपारच्या आत, तरच पाठवू. नाहीतर तिची आखाजी इथेच."

कमलनं शेजारणीच्या तोंडी निरोप धाडला, "दादा, काहीही कर, पण आबांना आण."

आता आबांना एस.टी. चालत नसे. धुराचा वास आला की त्यांना मळमळे. आणि धोतर नेसून फटफटीवर पाय फाकून बसायला ते तयार नव्हते.

"मंग त्याले दमनी जुपी दे," आबा म्हणाले.

दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी, छप्पर असलेली बैलगाडी. मी नको म्हणायच्या आत गावाकडचा सुतार आला आणि त्यानं फटफटीच्या डाव्या अंगाला अर्धी दमणी उभी केली. एकच चाक, बसायला बाभळीचा साटा, वर चटईचं छप्पर, पुढे पडदा. फटफटीला जोडायला लोखंडी खीळ. अगदी जुवाला असते तशीच. माझ्या विलायती गाडीचा असा दमणीशी पाट लागला. गल्ली बघायला लोटली. मी दोन दिवस तोंड लपवून फिरलो.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही पहाटेच निघालो. आबा पडद्याआड मांडी घालून बसले होते, मांडीवर व्याह्यांसाठी सांजोऱ्यांचा डबा. फटफटी सारखी डावीकडे ओढत होती, त्यामुळे एरंडोलपर्यंत माझे खांदे भरून आले. पारोळ्याला चहासाठी एका हॉटेलाशी थांबलो.

थांबल्याबरोबर गर्दी जमली. कोणी दिव्याला हात लावतंय, कोणी झालर ओढतंय. "साहेब, विलायतेत बी अशीच चटई ऱ्हास का?" असं एकानं विचारलं. मी चहा पीत पीत माहिती देत होतो. खोटं कशाला बोला, मला ते आवडत होतं. फटफटी हॉटेलच्या पलीकडल्या अंगाला उभी होती आणि तिकडे काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं.

तिकडे आबा खाली उतरले होते. साठ वर्षं बैलगाडी हाकलेला माणूस. गाडी थांबली की जनावर सोडायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी फटफटी स्टँडवर लावली, खीळ उपसली, दमणी ओढत लिंबाच्या सावलीत नेऊन बुंध्याला टेकवली आणि आत बसून तंबाखू मळायला घेतली.

मी आलो, गाडीभोवती माणसांचा गराडा, त्यातच लाथ मारली. एक नाही, दोन नाही. गर्दीतल्या कोणीतरी स्टँड काढलं, चौघांनी धक्का दिला, आणि फटफटी धडाडली. आता बंद पडायच्या आत निघणं भाग. मी मान न वळवता ओरडलो, "आबा, बसलात का?"

"बसनू रे भो!" मागून आवाज आला.

खरंच बसले होते. मी निघालो.

(साइडकारच्या गाडीला स्टँड कोणी कशाला लावेल, हा प्रश्न मला पडला. पण धुळ्यात.)

पारोळं सुटलं आणि गाडी अशी काही पळायला लागली की विचारू नका. डावीकडची ओढ नाही, कुरकुर नाही, वळणावर लोण्यासारखी वळतेय. आदल्या दिवशी मी कार्बोरेटर साफ केला होता. त्याचंच हे फळ, माझी खात्री पटली. मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "आबा, बघा कशी चाललीय! हात लागावा लागतो." आबा काही बोलले नाहीत. डोळा लागला असेल. आरशात बघितलं. मिशा उत्तम दिसत होत्या.

दुपारच्या बऱ्याच आधी धुळ्याला नानांच्या दारात फटफटी उभी केली आणि ऐटीत हॉर्न दिला. नाना ओट्यावरच बसले होते.

"या. आबा कोठे शेतस?"

"हे काय, बसलेत," मी डाव्या हातानं बाजूला दाखवत म्हणालो.

नानांनी त्या जागेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मले त दिखत नहीत."

मी मान वळवली. तिथे धुळ्याचा रस्ता होता आणि त्यावर एक कोंबडी.

बाप रस्त्यात कुठे पडला, खड्ड्यात गेला की ट्रकखाली, काही सुचेना. दारात कमल उभी होती. नवं लुगडं, हातात बांधून ठेवलेली ट्रंक. "दादा, आबा कुठे रे?" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. फटफटी वळवून मागे जावं म्हणून मी लाथ मारायला लागलो. अर्थातच ती चालू झाली नाही.

"लोके छत्री इसरतस," नाना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हाऊ बापले इसरी उना."

ऊन चढत चाललं. नाना आत जाऊन पानावर बसायच्या बेतात होते, कमलनं ट्रंक खाली ठेवली होती, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सावद्याकडचा केळीचा ट्रक थांबला. वर केळीचे घड, घडांवर आमची दमणी, आणि दमणीत पडदा बाजूला सारून मांडी घातलेले आबा. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा जसाच्या तसा.

चौघांनी दोर लावून त्यांना दमणीसकट खाली घेतलं. जमिनीला पाय लागताच ते माझ्यावर आले. "हाका मारी मारी घसा बसना मना! तू मांगे देखसच नही!"

"आबा," नाना पुढे होऊन म्हणाले, "खीय कोनी काढी?"

"मीच. गाडी थांबनी का खीय काढतसच."

"काढतसच," नानांनी मान डोलावली. "पन परत जुपानं काम कोनं?"

"गाडीवाननं."

"गाडीवाननं."

आणि दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. ज्यांनी लग्नापासून एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं, ते दोन व्याही हातात हात घालून आत गेले आणि पानाला पान लावून जेवले. जेवताना विषय एकच, हल्लीचे गाडीवान. मला शेवटच्या पंगतीत वाढलं. आमरस संपला होता.

कमलला पाठवली मात्र. परतताना ती आणि आबा दमणीत. नानांनी स्वतः खीळ ठोकली, वरून सुंभाचा दोर आवळला. वाटेत जिथे जिथे थांबलो तिथे आबांचा हात खिळीकडे जाई आणि कमल त्यावर चापट मारी.

एवढ्या कष्टांनी माहेरी आणलेल्या बहिणीनं आखाजीला काय केलं? झोक्यावर बसून पहिलं गाणं म्हटलं ते हे:

फटफटीवर उना मना भाऊ वं माय,
बाप ऱ्हायना पारोयाले…

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या पोरींना ते पाठ. दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावांत. फटफटी पुढे मी विकली, दमणीचं जळण झालं, आबा गेले, नाना गेले. गाणं काही जाईना.

परवाच्या आखाजीला एका खेड्यात गेलो होतो. मला कोणी ओळखत नव्हतं. लिंबाला झोका, झोक्यावर एक चिमुरडी आणि तेच गाणं. मी न राहवून विचारलं, "हा भाऊ कोण गं?"

"काय माहीत, आबा," ती झोका न थांबवता म्हणाली, "व्हता कोनी येडा."

"व्हता खरा," मी म्हणालो, आणि मागे नीट बघून तिच्या झोक्याला एक धक्का दिला.