माऊलीच्या नावाचं रक्त

“आधी खातरी, मग खबर.”

आमच्या निमोण्याची माया हे वाक्य इतक्या वेळा म्हणायची, की तिच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी ते चेष्टेवारी नेलं होतं. चहा आला का विचारलं तरी पोरं म्हणत, थांबा मॅडम, आधी खातरी. मायाही हसायची. पण वाक्य तिचं नव्हतं, तिच्या आजोबांचं होतं.

गावकीच्या काळात मयताचा सांगावा पोचवायचं काम आमच्या वस्तीच्या माथी होतं. गावात माणूस गेलं की मायाचे आजोबा काठी घेऊन पायी निघायचे, घोडनदी ओलांडून सोयऱ्याधायऱ्यांना कळवायचे. एकदा असंच कुणाच्या तरी बोलण्यावर ते निघाले. सांगावा ऐकून लेक ऊर बडवत माहेरी आली, तर बाप अंगणात बसून भाकरी खात होता. त्यानंतर त्यांनी नेम केला. ओट्याखाली उभं राहून का होईना, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. पाटील ओरडला तरी नाही. पुढे वस्तीनं धम्म घेतला, गावकीची कामं टाकली, काठी गेली. नेम तेवढा घरात राहिला.

मायाचे वडील शंकरराव एसटीच्या शिरूर डेपोत कामाला होते. आई चांगुणा लोकांच्या रानात कांदे लावायला नि काढायला जायची. माया शिरूरच्या कॉलेजात शिकत असताना तिथं एक प्रयोग होता. कांद्याला मुळ्या फुटू द्यायच्या, मुळीचं कोवळं टोक कापून काचेवर चेपायचं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी दुभंगताना बघायच्या. साऱ्या वर्गाला पुरतील एवढे कांदे माया घरून घेऊन जायची. चांगुणा म्हणायची, “बाजारात न्हेला तर भाव न्हाई, कालेजात न्हेला तर मास्तर खूश. उलटीच दुनिया हाय.”

त्या काचेवर मायानं जे बघितलं ते तिला सुटलं नाही. आईच्या हातानं लावलेल्या कांद्याच्या मुळीत काळ्या दोऱ्यांसारखं काहीतरी होतं, ते जोडीजोडीनं उभं राहत होतं आणि निम्मंनिम्मं वाटून घेत होतं. तिथून ती पुण्याला गेली, एम. एस्सी. झाली, आणि माणसाच्या रक्तात आईबापाकडून काय काय वाटून येतं ते शोधण्यात तिनं वर्षं घातली. पीएचडी झाली तेव्हा गावात बातमी पसरली की शंकररावाची पोरगी डॉक्टर झाली. दुसऱ्या दिवशी शेवंताबाई गुडघा घेऊन दारात.

“मावशे, मी गुडघ्याची डॉक्टर न्हाई.”

“मंग कशाची?”

“रक्तातली आईबापाची खूण बघती.”

“म्हंजी पोटात पोरगं हाय का पोरगी, त्ये सांगतीस?”

“न्हाई सांगत. सांगितलं तर जेलात जाईन. आन् जेल नसती तरी सांगितलं नसतं.”

शेवंताबाई गुडघा चोळत उठली. “मंग एवढं शिकून उपेग काय गं बाय?”

उपयोग काय ते मी सांगतो. खुटबावला माझी बहीण दिली आहे. तिच्या बांधाला बांध लागून ज्यांचं रान आहे, त्या घरातली ही गोष्ट. त्या घरच्यांची नावं मी बदलली आहेत, बाकी काही बदललं नाही.

घर फुलशेतीचं. शेवंती, झेंडू, थोडी गुलछडी. म्हातारी वच्छलाबाई, तिचे दोन लेक. थोरला माऊली रांजणगावला कंपनीत, तिथंच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा. धाकटा बबन रान बघायचा. माऊलीची बायको म्हाळसा ही वच्छलाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. आपल्याकडे मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, तसं ते लग्न झालं. म्हाळसा सासूला आत्याच म्हणायची.

त्यांची पहिली मुलगी ऋतिका. सहा महिन्यांची झाली तशी पांढरी पडायला लागली. पुण्यातल्या डॉक्टरांनी थॅलेसेमिया सांगितला. अंगात रक्त टिकत नाही, दर महिन्याला बाहेरून चढवावं लागतं. पोर चार वर्षांची झाली तेव्हा म्हाळसाला पुन्हा दिवस गेले. मग घरात बसता-उठता एकच प्रश्न. हेही लेकरू तसंच निघालं तर?

याचं उत्तर मायाच्या प्रयोगशाळेत मिळत होतं. रक्त बनवण्याची जी खूण आईबापाकडून येते, तिच्यात एका बाजूनं चूक आली तर माणूस चांगला धडधाकट जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोन्हीकडून चूक आली तर ऋतिकासारखं होतं. पोटातल्या बाळाची तपासणी करायची, तर आधी आईबापाच्या रक्तात चूक नेमकी कुठं आहे ते सापडायला हवं. म्हणून जवळच्या बाजारगावातल्या एका दवाखान्यात तिघांची रक्तं काढली गेली आणि बर्फात ठेवून पुण्याला आली. तीन बाटल्या. एकीवर म्हाळसाचं नाव, एकीवर ऋतिकाचं, एकीवर माऊलीचं.

मायाच्या हाताखाली सम्राट नावाचा पोरगा संशोधन करत होता, हुशार आणि घायकुता. त्यानं तपासणी लावली. अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या उजेडाखाली, रक्तातला अंश सोडलेल्या लिबलिबीत चकतीवर नारिंगी पट्टे चमकतात, त्या पट्ट्यांवरून चूक वाचता येते. ऋतिकाच्या रक्तात एकच चूक दोनदा होती. म्हाळसाच्या रक्तात ती एकदा होती. माऊलीच्या नावाचं रक्त मात्र स्वच्छ. त्यात चूक नव्हतीच.

सम्राट म्हणाला, “मॅडम, बाप दुसराच दिसतोय.”

“तुला दिसतंय का कळलंय?”

“पट्टे समोर आहेत की. आईकडून एक आली, मग दुसरी कुठून आली?”

“पुन्हा लाव.”

पुन्हा लावली. तेच आलं. मायानं स्वतः बसून तिसऱ्यांदा लावली, तेच. सम्राट हळू आवाजात म्हणाला, “रिपोर्टात काय लिहू?”

“काही लिहू नकोस.”

“फोन करून कळवू तरी? त्या बाईचे दिवस पुढं चाललेत, तपासणीची वेळ निघून जाईल.”

“फोन त्यांच्या घरी नाही, शेजारच्या दुकानात आहे. नवऱ्याचं रक्त जुळत नाही, एवढं वाक्य त्या दुकानात पोचलं की ती बाई त्या घरात एक रात्र राहू शकायची नाही. पोटातल्यासकट बाहेर. आणि मग आपण म्हणायचं, पट्टे समोर होते.”

सम्राटनं रिपोर्टाचा कागद बाजूला ठेवला. मधले दिवस माया जेवली-झोपली तरी का, हे मला माहीत नाही. पण रविवारी, माऊली घरी सापडेल म्हणून, ती दौंड शटलनं निघाली. खुटबावच्या स्टेशनात उतरली तेव्हा तिच्या एका हातात सुया-बाटल्यांची पिशवी होती नि दुसऱ्या हातात बर्फ भरलेला थर्मास. रस्ता विचारत ती पायी रानातल्या घरापर्यंत आली.

वच्छलाबाई ओट्यावर झेंडूच्या पाट्या भरत होती. पुण्याच्या लॅबातल्या बाई म्हटल्यावर तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं.

“कुठल्या म्हणायच्या तुम्ही?”

“निमोण्याची. शंकररावांची लेक. बौद्ध वस्तीतली.”

म्हातारीचा हात पाटीत क्षणभर थांबला. मग ती आत बघून म्हणाली, “म्हाळसे, च्या ठेव. आन् त्यो बाजूला ठेवलेला कप काढ.” कप कुठला बाजूला ठेवला होता आणि कुणासाठी, हे मायानं विचारलं नाही. पण चहा आला तो त्या कपातून नाही, वच्छलाबाईच्या स्वतःच्या, रोजच्या, कान तुटलेल्या कपातून आला. म्हाळसानंच तो आणला, आणि सासूकडे न बघता मायाच्या हातात दिला.

“पुन्हा एकदा रक्त घ्यायचंय,” माया म्हणाली. “तिघांचं. माऊलीदादा, तुम्हीच पयल्यांदा बसा.”

माऊली अंगानं दांडगा, पण सुई बघून त्यानं हात पाठीमागं घेतला. बबन गोठ्यातून येऊन हसायला लागला. “कंपनीत मशिनीत हात घालतोय आन् सुईला भितोय. बाई, याला धरायला चार माणसं लागत्याल.”

“तू गप रे,” वच्छलाबाई म्हणाली, आणि मायाकडे वळली. “त्याचं कशाला घेता बाई? दिलंय की एकदा. बबन्यानं दिलंय.”

मायाच्या हातातला रबराचा पट्टा तसाच राहिला.

“बबननं?”

“व्हय. ह्येची तवा रातपाळी. रजा मिळंना. मी म्हनलं, बबन्या, तू जा, दादाचं नाव सांग आन् दिऊन ये. एकाच आईचं दूध प्यालेली, एकाच बापाची. भावाभावाचं रक्त त्ये काय येगळं असतंय व्हय?”

मायानं पट्टा खाली ठेवला. मग तिनं चहाचा कप उचलला आणि एका दमात सगळा चहा पिऊन टाकला. नुकताच उकळता आणलेला चहा. माझी बहीण तेव्हा बांधावरून दही न्यायला आली होती. ती म्हणते, बाईंची जीभ पोळली असणार, पण तोंडावर असं काही होतं, की पाण्यातून वर येऊन कुणी श्वास घ्यावा.

“आत्या,” माया म्हणाली. तीही म्हाळसासारखं आत्याच म्हणाली. “एका मिरचीच्या बिया टाकल्या, तर सगळी रोपं सारखी येत्यात?”

“न्हाई. एखादं वांझ निघतं, एखादं लई तिखट.”

“मिरची तर एकच हुती.”

म्हातारी विचारात पडली. बबन म्हणाला, “म्हंजी माझं रक्त वांझ?”

“तुमचं लई चांगलं निघालं, बबनराव. पण लेकरू तुमचं न्हाई ना, दादांचं हाय. मला त्यांचंच पायजे.”

बबन लाजून गोठ्याकडे निघून गेला. माऊलीनं डोळे घट्ट मिटून हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तो इतक्या जोरात कण्हला, की ऋतिका खदखदून हसली. त्या पोरीला दर महिन्याला टोचायचे. तिनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, “मुंगी चावल्यावाणी असतंय, आन् मंग जातंय.”

दाराआड उभी असलेली म्हाळसा मात्र हसली नाही. सासूचं बोलणं, बाईंचा थांबलेला हात, एका दमात संपलेला चहा, हे सारं तिनं बघितलं होतं.

माऊलीच्या खऱ्या रक्तात चूक सापडली. म्हाळसाच्या रक्तात होती तीच, एकाच आजीकडून दोन वाटांनी चालत आलेली. वेळ हातात होता. म्हाळसाला पुण्याला नेऊन बाळाच्या वारेचा कण सुईनं काढला, आणि त्यावर मायानं स्वतः काम केलं. सम्राटला म्हणाली, तू बघ, पण हात लावू नकोस. उत्तर आलं तेही तिनं पुन्हा लावून बघितलं. मग पुन्हा एकदा. आणि ते कुणाच्या दुकानातल्या फोनवर न सांगता परत शटलनं खुटबावला आली.

म्हाळसा शेवंतीच्या वाफ्यात फुलं खुडत होती. ऋतिका बांधावर बसली होती, महिना भरत आल्यामुळं जराशी फिकट. वच्छलाबाई पलीकडच्या वाफ्यात होती.

“बाळाला एकच हाय,” माया वाफ्याच्या कडेलाच उभी राहून म्हणाली. “तुला हाय तशी. तू जगलीस तसं त्ये जगंल. रक्त चढवायला लागायचं न्हाई.”

म्हाळसा खाली बसली. ओच्यातली फुलं मातीत सांडली, ती तिनं गोळा केली नाहीत. पलीकडून वच्छलाबाईनं “काय म्हनत्यात?” असं विचारलं, तेव्हा म्हाळसाच म्हणाली, “चांगलं हाय, आत्या.” म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळानं म्हाळसानं आवाज खाली आणून विचारलं, “ताई, त्या दिशी तुमी उगाच न्हवत्या आल्या. भावजींचं रक्त बघून तुमाला काय वाटलं हुतं?”

“काय वाटायचं? बाटली चुकली असंल, असं वाटलं.”

“आन् दुसऱ्या कुनाला दावलं असतं तर?”

माया खाली वाकली. वाफ्यातलं एक फूल उचलून तिनं त्याची माती झटकली.

“मला घराबाहेर काढलं असतं,” म्हाळसा म्हणाली. “ह्ये बाळ न्हाई, आन् ही पोर बी न्हाई राहिली असती माझी. आन् आत्याला मरेपतूर कळलं नसतं की तिनंच बबनभावजींना धाडलं म्हनून झालं.”

“आता त्यांना सांगू नकोस. चांगल्या मनानं धाडलं त्यांनी.”

“न्हाई सांगायची.”

“ऋतिकाचं रक्त चुकवू नका. रंग उतरलाय तिचा. ह्याच आठवड्यात न्या.”

“व्हय.”

जेवून जा म्हणून वच्छलाबाईनं आग्रह केला. गाडी चुकेल म्हणून माया थांबली नाही. तेव्हा म्हातारी वाफा ओलांडून आली आणि शेवंतीची भरलेली पाटीच तिच्या पुढ्यात ठेवायला लागली. एवढी कशी नेऊ, म्हणून मायानं ओंजळभर फुलं रुमालात बांधून घेतली, ऋतिकाच्या गालाला हात लावला, आणि पाटाच्या कडेनं स्टेशनाच्या वाटेला लागली.

ती झपाझप चालायची, पाय न्याहाळत नव्हे तर समोर बघत. उसाच्या रानापाशी वाट वळते. वच्छलाबाई म्हणाली, “चल गं, फुलं उन्हानं मान टाकत्याल,” आणि आपल्या वाफ्याकडे गेली. बबननं गोठ्यातून मान वर करून बघितलं नि पुन्हा कामाला लागला. म्हाळसा मात्र पोरीला कडेवर घेऊन बांधावर चढली, आणि उसापलीकडे मायाची पांढरी ओढणी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा खूप वेळ तिथंच उभी राहिली.