दोघांची केबिन

समुद्रावरचा तो लांबलचक पूल झाल्यापासून करंजाड्याहून मुंबईचं बंदर ते कितीसं लांब राहिलं? सकाळी चार घास खाऊन आरामात निघालं तरी माणूस बोट सुटायच्या कितीतरी आधी पोचतो. तरीसुद्धा आमच्या शेजारची यमुनाकाकी बोटीच्या सफरीला निघाली की आदल्या दिवशी दुपारीच बंगल्याला कुलूप घालायची आणि बंदराजवळच्या एका लॉजमध्ये मुक्कामाला जायची. सगळी गल्ली तिची थट्टा करायची. आमचे हे एकदा तिला म्हणाले, काकी, तेवढ्या वेळात तुम्ही जाऊन परत याल. काकीनं त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "रस्त्यान गारीचा टायर बसला, त बोट तुमची वाट बगल काय? तिला कोनाची लाज नाय. भोंगा मारते आन जाते." ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकी मूळची मिठागरवाली. खाडीकाठचं गाव, मीठ ओढून ओढून काळवंडलेले हात, नवरा लवकर गेलेला. मग प्रकल्पात जमीन गेली आणि बदल्यात करंजाड्यात प्लॉट मिळाला. मुलानं त्याच्यावर तीन मजली बंगला बांधला, पुढे संगमरवरी सिंह बसवले, आणि स्वतः बायकामुलांना घेऊन खारघरच्या टॉवरमध्ये राहायला गेला. वरच्या मजल्यांवर भाडेकरू, खाली काकी. आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर शेजारच्या इमारतीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं कंपाउंडच्या भिंतीवरून मला हाक मारली. नाव नाही, गाव नाही, एकदम विचारलं, बोटीत बसली आहेस का कधी? मी म्हटलं, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलेय लाँचनं. ती इतकी हसली की तिच्या हातातली सूपभर तांदळाची कणी सांडली. मी शाळेत शिकवायचे हे कळल्यावर ती मला बाई म्हणायला लागली, पण अगंतुगं सोडलं नाही, आणि मीही मग तिला तुम्ही म्हणायच्या भानगडीत पडले नाही.

बोटीच्या बाबतीत मात्र ती माझीच मास्तरीण झाली. तशी ती सगळ्यांचीच होती. रोडपालीपासून लोक यायचे, कुणाचं लग्नानंतरचं फिरणं, कुणाच्या सासूसासऱ्यांचा पन्नासावा वाढदिवस लग्नाचा. काकी पायरीवर बसून, एकीकडे कोळंबी सोलत, सगळ्यांना तीच शिकवण द्यायची. खोली घ्यायची ती मधली आणि खालच्या मजल्याची, तिथं बोट कमी हलते. बाल्कनीचा हट्ट धरून वरची, टोकाची घेतलीत तर बाल्कनीतूनच ओकाल. मोठी बॅग बंदरावर काढून घेतात ती संध्याकाळपर्यंत तोंड दाखवत नाही, म्हणून गोळ्या आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. बोटीवर पाऊल ठेवलं की सगळे खुळ्यासारखे वरच्या जेवणावर तुटून पडतात, तेव्हा आपण खालच्या मोठ्या हॉलमध्ये जाऊन निवांत बसायचं, तिथं पानात आणून वाढतात. मळमळलं तर आलं चघळायचं आणि हिरवं सफरचंद मागायचं. गोव्याला उतरलं तर गेटासमोरची टॅक्सी घ्यायची नाही, जरा पुढे चालायचं. आणि परत यायची वेळ बोटवाले सांगतील त्याच्या तासभर आधी गँगवेवर, म्हणजे बोटीच्या शिडीशी, हजर. दोनचार खेपा झाल्या की बोटवाले जुन्या गिऱ्हाइकाला मानतात, खोलीत फुलं ठेवतात, रांगेत उभं करत नाहीत, हे सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

प्रत्येक खेपेला ती दोघांची केबिन घ्यायची. "मी आन माजा निल्या," असं सांगायची. निल्या म्हणजे मुलगा, निलेश. मिठागरावर असताना हा बांधावर बसून खाडीपलीकडच्या मोठ्या बोटी बघायचा आणि आपण कधी जायचं म्हणून आईचा पदर ओढायचा. तू मोठा झालास की जाऊ, असं काकी म्हणायची. गरिबाघरी मुलांना असं शंभर गोष्टींबद्दल म्हणतात आणि विसरतात. काकी विसरली नाही. हातात पैसा आला तसं तिनं दागिने नाही केले, काशीही नाही केली. बोटीची तिकिटं काढली. निलेशची बांधकामाची कामं मुंबईत चालायची, त्यामुळे तो तिकडूनच लॉजवर येतो, मग आम्ही मायलेक सकाळी बरोबर बंदरावर जातो, असं ती सांगायची. परत आली की गोवा असं, लक्षद्वीप तसं, निल्यानं पोहून दाखवलं, निल्यानं मासे नावं घेऊन ओळखले. फोटोंत ती एकटीच असायची. मी विचारलं तर म्हणाली, फोटो तोच काडतं, मंग तो कसा दिसल? मी म्हटलं, खरंच की. चाळीस वर्षं मुलांच्या थापा पकडण्यात घालवलेली मी, आणि मला काही म्हणजे काही शंका आली नाही.

मग आमच्या लेकीनं आम्हा दोघांना तिकिटं काढून दिली, नेमकी काकीच्याच बोटीची. काकीला कोण आनंद झाला. आमच्या ह्यांच्यासकट आम्ही आदल्या दिवशी निमूटपणे लॉजवर मुक्कामाला गेलो. संध्याकाळी काकी खाली रिसेप्शनच्या बाकावर बसून होती. रस्त्याकडे तोंड. मी जेवायला बोलावलं तर म्हणाली निल्या आला की जेवते, तू जा. सकाळी उठून बघते तर ती तयार होऊन पुन्हा त्याच बाकावर. रात्री येता आलं नाही त्याला, आता थेट बंदरावर येतोय, असं म्हणाली.

बंदरावर सामानाच्या तपासणीत तिच्या पिशवीतून सुके बोंबील निघाले, कागदात, प्लॅस्टिकमध्ये, वर पुन्हा जुन्या ओढणीत गुंडाळलेले. तपासणीवाल्या बाईनं नाकाला रुमाल लावला. बोटीवर खाण्याचं काही न्यायचं नाही हा नियम काकीनंच अख्ख्या करंजाड्याला पाठ करवला होता, आणि तीच बोंबील घेऊन आलेली. मला हसू आवरेना. तिला विचारलं तर म्हणाली, निल्याला बोटीवरचं गोडमिट्ट जेवण सोसत नाही, घरून भाजून आणलेले दोन बाजूला दिले तर चार घास जास्त जाईल त्याला. त्यांनी ते काढून ठेवून घेतले. मग आम्ही आत खुर्च्यांवर बसलो. बोटीवर सोडायचे एकेक गट पुढे सरकत गेले, हॉल रिकामा व्हायला लागला, काकी काही उठेना. शेवटी तिचा फोन वाजला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, तिचं येत होतं. हो, हो, स्लॅब काय थांबतो का, तू जेवलास का, बरं. फोन पदराला पुसून तिनं पिशवीत टाकला. असं पहिल्यांदाच झालं, म्हणाली. मी तिचा हात धरला आणि आम्ही बोटीवर गेलो.

बोट खाडीबाहेर पडली तशी आमच्या ह्यांनी अंथरूण धरलं. रात्री खालच्या हॉलमध्ये जेवायला मी आणि काकी दोघीच. काकीला बघून एक पोक्त गोवेकर वेटर लगबगीनं आला, तिच्या पाया पडल्यासारखा वाकला. मला विचारलं, साहेब नाही आले? मी म्हटलं, त्यांना बोट लागली, झोपलेत. तो हसला आणि हिंदीत म्हणाला, "माँजी का बेटा भी हर बार सोता ही रहता है. हम रोज थाली भेजते हैं, आज तक शकल नहीं देखी." मग काकीकडे वळून आपुलकीनं विचारलं, भैया आया है ना? काकीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आया है," ती म्हणाली. "सोया है. बहुत काम रहता है उसको." त्यानं मान डोलावली. जाताना दोन ताटं पाठवतो म्हणाला, एक माझ्या साहेबांसाठी, एक भैयासाठी.

म्हणजे ते पोहणं, ते मासे ओळखणं, सगळं हिनं एकटीनं त्या खोलीत बसून रचलेलं. आणि तो निलेश, एवढा मोठा गळ्यात सोन्याचा साखळदंड घालून फिरणारा, त्याला वर्षातून तीन दिवस आईला देता येत नाहीत? माझा संताप संताप झाला. वर डेकवर मोकळ्या हवेत गेल्यावर मी तिला सरळ म्हटलं, मला त्याचा नंबर दे, मी बोलते त्याच्याशी, माझ्या हाताखालून असले खूप गेलेत. काकी कठड्याला धरून उभी होती. मग म्हणाली, पहिल्या खेपेला त्या वेटरनं सहज विचारलं होतं, दुसरं माणूस कुठाय. खरं सांगायला तोंड उघडलं आणि झोपलाय असं निघून गेलं.

"एकटी बाय दिसली का लोक पयला पोराला नावा ठेवतान, बाई. मना नाय सोसत. माजा पोऱ्या वाईट नाय. त्याला वेल नाय." आणि थोड्या वेळानं, "आन खरा सांगू? तीन दिस त्याला कोनतरी इचारतं. जेवला काय, उठला काय. मी बी मंग सांगतंय, जेवला, उठला. मना बरा वाटतं."

मी विचारलं, आणि ती ताटं? ती म्हणाली, अन्न टाकवत नाही, मीच जेवते, माझं झालं की त्याचं. हे सांगताना ती जराशी हसली, आणि मला रडू फुटलं. तिनं मला गप्प केलं, उलट. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. करंजाड्यात तर नाहीच, आणि निल्याला मुळीच नाही. त्याच्या जिवाला लागेल, म्हणाली.

त्यानंतरही ती एकदा गेली. मी म्हटलं मी येते, तुझ्याच केबिनमध्ये राहते, तर म्हणाली ती खाट निल्याची आहे, ऐन वेळी आला तर? आदल्या दिवशी रिक्षात बसताना तिनं मला नेहमीसारखा हात केला. परत आल्यावर पायरीवर बसून लोकांना निल्याच्या गमती सांगत होती, आणि मी भिंतीपलीकडून कपडे वाळत घालत ऐकत होते. एवढं सुंदर खोटं बोलणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. मला ते ऐकवत नसे, आणि मी ऐकल्याशिवाय आतही जात नसे.

गेल्या थंडीत काकी झोपेतच गेली. कामवाली आली तेव्हा दार कुणी उघडेना. निलेश आला, रडला, सगळं रीतीप्रमाणे केलं, नव्हे, रीतीपेक्षा मोठं केलं. उत्तरकार्याला बंगल्यापुढे मांडव घातला, भजनी मंडळ बोलावलं, गावकी, नातेवाईक, नगरसेवक, सगळे आले. आणि जो येईल तो निलेशचा हात हातात घेऊन एकच गोष्ट म्हणत होता. बाबा, आईला दरसाल बोटीवर फिरवलंस. आजकाल कोण करतं? आमच्या पोरांना सांगतो आम्ही, निलेश बघा. तो प्रत्येकाकडे गोंधळून बघत होता. एकाला नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दुसऱ्यानं त्याला मिठी मारली.

दुपारी पंगत उठल्यावर तो मला शोधत भिंतीपाशी आला. डोळे सुजलेले.

"बाई, मी एकदाही गेलो नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"माहितीये मला," मी म्हटलं.

"मग आईनं सगळ्यांना असं का सांगितलं?"

बोटीवरच्या त्या रात्रीपासून ह्या माणसाला सुनवायचं मी मनात घोटून ठेवलं होतं. एकेक शब्द तयार होता. लॉजचा बाक, ते बोंबील, ती दोन ताटं. शपथ घालणारी तर गेली, आता कुणाची भीड? मी बोलणार, तेवढ्यात काकीची नेरे गावातली नणंद, निलेशची म्हातारी आत्या, काठी टेकत आमच्यापाशी आली. तिला कमी दिसायचं. तिनं निलेशचं मनगट चाचपून धरलं आणि विचारलं, "कंच्या कंच्या गावाला नेलास रं आयशीला बोटीन? मना सांग. तिना सांगलेला, मी इसरले."

निलेशला एकही नाव येत नव्हतं. तिकिटांचे पैसे कधीमधी त्यानंच भरले असतील, पण बोट कुठं कुठं जाते हे त्यानं आईला कधी विचारलंच नव्हतं. आत्या मान वर करून थांबली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वर्गात उत्तर न येणारी मुलं बघतात तसं.

"गोवा," मी म्हणाले.

"गोवा," तो म्हणाला.

"मग कोची."

"कोची."

"लक्षद्वीपला तर दोनदा."

सकाळी भटजींच्या मागून जसा एकेक शब्द म्हणत होता, तसाच तो माझ्या मागून म्हणत गेला. लक्षद्वीपला त्याचा आवाज फुटला. आत्यानं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं.

"आयशीचे पांग फेडलेस रं माज्या लेकरा," ती म्हणाली.

निलेश तिथंच, भिंतीला पाठ लावून, खाली बसला.