इंग्रजी सोडून बेरीज
गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेचा वास आला की मला पांढरकवड्याचं आमचं दुकान आणि माझ्या बी.ए.च्या निकालाचा दिवस आठवतो. बाबांनी आधीच सांगितलं होतं, सेकंड क्लास आला तर एम.ए.ला नागपूर, नाहीतर पाहून गेलेल्या स्थळाला होकार. माझे गुण कॉलेजातून कळले होते. क्लास मात्र संध्याकाळच्या मोटारीने येणाऱ्या पेपरात कळणार होता. त्या स्थळाकडून दुकानात येऊन बसलेले मुलाचे मामा स्वतः मास्तर, त्यांना तेवढाही धीर नव्हता. पोत्यावर बसून त्यांनी फरशीवर खडूने बेरीज मांडली. "थर्डच होऊन राह्यला, भाऊ. तारीख काढा." मी दारातून म्हटलं, "मामाजी, इंग्रजी धरू नका. ते नुसतं पास व्हाले लागते, क्लासात मोजत नाहीत." "काहून? त्याचे मार्क काय ढोराले टाकता?" ते हसले. बाबांनी न हसता इंग्रजीचा आकडा पायाने पुसला आणि नव्याने हिशेब केला. "आता सेकंड येते." "पोरगी म्हणते म्हणून?" बाबा म्हणाले, "पेपर येऊ द्या." संध्याकाळी मोटार आली. पेपर मामांनीच उघडला आणि फक्त थर्डच्या यादीवरून बोट फिरवलं. "नंबरच नाही. नापास दिसते." बाबांनी पेपर ओढून वरची सेकंडची यादी वाचली, घडी केली आणि मला म्हणाले, "चहा ठेव, पाव्हण्यायले हीच मोटार धराची आहे." आता मीच कॉलेजात शिकवते. क्लासात कोणता विषय धरत नाहीत, हे घरी आधीच सांगून ठेवा, असं मुलींना पहिल्याच तासाला बजावते.