निमकरकाकांची सुई

निमकरकाकांच्या दारात पाहुण्याला पाणी विचारण्याआधी पितळी ताट पुढे यायचं. "लोखंड?" काका विचारायचे. किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिनासुद्धा ताटात ठेवल्याशिवाय आत प्रवेश नाही. बंगळूरच्या हेब्बाळमध्ये नवीन राहायला आले तेव्हा मी साखर मागायला वर गेले होते. वाटी स्टीलची निघाली. ती बाहेरच राहिली आणि साखर कागदाच्या पुडीत मिळाली.

आतल्या खोलीत काकांनी स्वतः बनवलेली चुंबकसुई दोऱ्याला टांगलेली होती. संशोधन संस्थेतली अख्खी नोकरी त्यांनी अशा सुयांची थरथर मोजण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर तीच नोकरी बिनपगारी चालू ठेवली. उत्तरेकडच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश नाचतो, तेव्हा तिथे उंचावर विजेचे प्रवाह वाहतात आणि खाली सुया हलतात. "त्यालाही वेळापत्रक आहे हो," काका सांगायचे. "मध्यरात्रीच्या सुमाराला जोर. मार्च-सप्टेंबरात धिंगाणा. जूनमध्ये स्वल्प शांत." बंगळूरपर्यंत त्याची जेमतेम झुळूक पोचायची, पण काका तिच्याही स्वागताला हजर असायचे.

तो प्रकाश त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. काकूंना मात्र तो त्यांच्यासोबत पाहायचा होता, आणि त्यांना घाई होती. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. नॉर्वेतली लेक बोलावून बोलावून थकली. काका म्हणायचे, "जायचं तर सप्टेंबरात. पण सप्टेंबरातच सुई सोडून कसं जाणार?"

"आयुष्यभर धूर मोजला या माणसानं," काकू मला म्हणायच्या, "चूल बघायला सवड नाही."

त्यातच काकांना घबाड सापडलं. सुई रोज संध्याकाळी दचकायची आणि सकाळपर्यंत वाकडीच राहायची. मे महिन्यात मात्र गप्प. दिवसाचा नियम, ऋतूचाही नियम, आणि दोन्ही कुठल्याच पुस्तकात नाहीत! काकांची कॉलर ताठ झाली. मग एका संध्याकाळी ते खाली आले. मी नुकतीच गाडी लावली होती, बरोबर त्यांच्या खोलीखाली.

"तुमची गाडी रोज याच वेळी येते?"

"हो काका."

"आणि मे महिन्यात कुठे होती?"

"नागपूरला. आईकडे घेऊन गेले होते."

"सरी," असं कानडीतलं 'बरं' म्हणून काका जिना चढायला लागले. मला फार वाईट वाटलं. गाडी उद्यापासून रस्त्यावर लावते, असं मी म्हणतेय तोवर वरून काकू ओरडल्या, "अजिबात हलवू नकोस गं ती! अहो, मग आता सप्टेंबरात मोकळे आहात ना?"

दोघं नॉर्वेला गेले एकदाचे. परत आल्यावर, प्रकाश कसा होता म्हणून मी विचारलं, तर काका तासभर विजेच्या प्रवाहांवरच बोलले.

पुढच्या जूनमध्ये ते झोपेतच गेले. "जूनमध्ये काही होत नाही म्हणायचे," काकू म्हणाल्या. आता त्यांना मला ओळखायलाही आवाज लागतो. मग त्यांनीच नॉर्वेचं सांगितलं. आकाश हिरवंगार पेटलं होतं आणि काका मान खाली घालून खिशातल्या होकायंत्राची सुई बघत उभे होते.

"मला काही पुन्हा दिसणार नव्हतं गं ते. मी हात पुढे केला. म्हटलं, लोखंड?"

"मग?"

"निमूट दिलं हो हातात. आणि वर बघितलं."