खारदांडीची डोंगरीण

खारदांडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी वाळूवर टेकलेली तीसेक घरं. एका अंगाला समुद्र, खाडीपलीकडे मिठागरं आणि घरांच्या मागे सुरूची झाडं. ऊन तापलं की मिठाचे ढीग आभाळात विरघळून जातात आणि सगळी वस्ती हवेत तरंगल्यासारखी दिसते. इथे सगळेच मासेमार आणि सगळेच एकमेकांचे सोयरे. बाहेरची माणसं यायची ती मीठ ओढायला, पावसापर्यंत. नाशिककडची, पेठच्या डोंगरातली. भात-नागली घरात आली की ट्रकमधून उतरायची आणि खाडीपलीकडे झावळ्यांच्या खोपी बांधून राहायची.

चांगुणा त्यांतलीच. त्र्याण्णव साली भावाबरोबर आली, आणि भाऊ परत गेला तरी ती राहिली. आमच्या शेजारच्या नरोत्तमने तिच्याशी लग्न केलं. लग्नाआधी तो होडीतून जाताना ती मिठागराच्या बांधावर उभी दिसायची, हातातलं काम विसरून समुद्राकडे बघत.

"काय बघतेस?" त्याने एकदा विचारलं.

"याच्या पल्याड डोंगर हाय का नाय, ते," ती म्हणाली.

नरोत्तम हे सांगायचा आणि स्वतःशीच हसायचा.

त्याची आई मंगलाबाई मात्र हसली नाही. मंगलाबाई आमची सुईण. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातची. तिने सुनेला घरात घेतलं, पण नावाने कधी हाक मारली नाही. "त्या डोंगरिणीला सांग, बोंबील उलटे टाकलेत," असं मुलाला सांगायची, सून समोर उभी असताना. चांगुणा मुकाट्याने बोंबील सरळ करायची. संध्याकाळी सुरूच्या सावलीत बसून ती पलीकडच्या खोपींतला धूर बघायची. तिच्या माणसांची भाषा वाऱ्यावर तुटक तुटक यायची. मी कधी शेजारी जाऊन बसले तर सरकून जागा द्यायची.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, शिमग्याची गोष्ट. सणाला सगळे मजूर डोंगरात गेले होते. मागे राहिली एक सविता, दिवस भरलेली, आणि तिचा नवरा लखन. पुनवेच्या भर दुपारी उधाण आलं. वारा नव्हता, आवाज नव्हता. पाणी चढत गेलं आणि मिठागराचा बांध जणू झोपेत कूस बदलावी तसा खचला. आम्ही अलीकडून बघत होतो. आरशासारख्या पाण्यावरून एक टोपली आली, मागून एक लाल लुगडं, पसरलेलं, संथ. ते लुगडं बघून चांगुणाने हातातला कोयता टाकला.

"सविता तिथंच हाय," ती म्हणाली, आणि नरोत्तमची वाट न बघता होडी लोटून निघाली. नरोत्तम धावत जाऊन मागून चढला.

खोपीत कमरेएवढं पाणी होतं. लखनने बायकोला मिठाच्या ढिगावर चढवलं होतं, आणि ढीग तिच्याखाली विरघळत होता. कळा सुरू झाल्या होत्या. तिला होडीत घालून आणलं तेव्हा अर्धी वस्ती किनाऱ्यावर जमली होती. पुढे कुणीच होत नव्हतं. मंगलाबाई आपल्या दारात उभी होती. डोंगरातल्या बाईला तिने आजवर हात लावला नव्हता.

चांगुणा सविताला सावरत थेट तिच्यासमोर आली. त्या दिवशी ती पहिल्यांदा सासूशी सरळ बोलली.

"आई, मला यातलं कळत नाय. तुमाला कळतं."

मंगलाबाईने सविताच्या ओल्या पायांकडे पाहिलं. त्यांवर मीठ चमकत होतं.

"मग दारात काय उभ्या राहिलात?" ती खेकसली. "आत घ्या तिला. आणि तू गो, पाणी ठेव चुलीवर." हे मला.

ओहोटी लागायच्या सुमाराला मुलगी झाली. नाव मंगलाबाईनेच ठेवलं, पुनव. सविता-लखनची खोप वाहून गेली होती. त्यांनी अलीकडे, सुरूंच्या मागे नवी बांधली. राहा असं कुणी म्हटलं नाही आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. पुढच्या वर्षी आणखी एक खोप आली, मग विटांची भिंत, मग नागलीची एक हिरवी पट्टी, खाऱ्या वाऱ्याने टोकं जळालेली. हळूहळू डोंगरातली पोरं इकडे यायची कमी झाली; नाशिकजवळच्या सातपूरच्या कारखान्यांत जाऊ लागली. पण जी राहिली ती आमचीच झाली. आता आमची पोरं भांडताना कुठल्या बोलीत भांडतात, ते मलाही सांगता येत नाही.

मंगलाबाई सुनेला 'डोंगरीण' म्हणायची ती म्हणायचीच. पण बाळंतपणाला निघाली की तिला सोबत घ्यायची. आधी पिशवी धरायला, मग दिवा धरायला, मग हात धरायला.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात माझ्या सुनेला, मोहिनीला, कळा लागल्या. रस्ता पाण्याखाली, दवाखान्याची गाडी येईना. मी मंगलाबाईला बोलवायला धावले. ती आली, तशीच पावसात, पण आमच्या ओटीवरच बसली. आत फक्त चांगुणा गेली.

"अगो, आत ये ना," मी हात जोडले. "माझी पोर आहे ती."

"डोळ्यांना दिसत नाही मला आता," मंगलाबाई म्हणाली. "आत माझी सून आहे. तू बस इथे."

मी बसले. समोर पावसात समुद्र आणि आभाळ एकच झालं होतं, करडं, मऊ. मंगलाबाई पदराने तोंड पुसत मला विचारत होती, चहा ठेवलाय की नाही.