भावोजींनी काढलेले अँटीव्हायरस

आमच्याकडे गौरी-गणपतीला मुंबईहून धाकटे दीर येतात आणि पहिली आरती आटोपली की माझ्या कॉम्प्युटरसमोर बसतात. मुंबईत ते एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात. एवढ्या भांडवलावर रत्नागिरीतल्या समस्त नातलगांचे कॉम्प्युटर त्यांच्या ताब्यात गेलेले आहेत. दर गणपतीत ते जुना अँटीव्हायरस काढतात आणि नवा, फुकटातला, घालतात. जुना अगदी भिकार होता असं सांगतात. तोही आपणच घातला होता, हे त्यांना आठवत नाही.

यंदा उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका कंपनीचं भाषांतराचं काम मिळालं. घरबसल्या करायचं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझं स्वतःचं असं काही. अट एकच होती: त्यांनी दिलेला अँटीव्हायरस पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चालू झाला पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला तरी जाणार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिक्सरच्या शेजारी माझं ऑफिस. तिथे बसून तो घालायला गेले, तर पडद्यावर उत्तर आलं की दुसरा अँटीव्हायरस आधीच आहे, तो काढा. गेल्या गणपतीतला यादीत होता, तो काढला, तरी तेच उत्तर; आता यादीत काढण्यासारखं काहीच नव्हतं.

"त्याला फोन कर," नवरा पेपरमधून म्हणाला. घरात काही अडलं की हा एवढाच हातभार लावतो.

लावला फोन. "अगो वहिनी, मी काढलाय ना तो! तुझ्यासमोर अख्खा फोल्डर डिलीट मारला, कचरापेटीपण रिकामी केली. आता काय एक नाय त्यात. तुझा कॉम्प्युटरच म्हातारा झालाय, नवीन घे."

मग मीच नेटवर शोधत बसले. अँटीव्हायरस असा फोल्डर उडवून जात नाही, तो रीतसर काढावा लागतो, हे भावोजी सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं. लपवलेल्या फाइली दाखवायची खूण केली आणि एकेक बाहेर यायला लागले. त्याआधीच्या तीन गणपतींचे तीन अँटीव्हायरस! कामाचा एकही नाही, पण नव्याला आत येऊ देत नव्हते. डिलीट करायला गेले तर म्हणे परवानगी नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर मला! असा संताप आला म्हणून सांगू.

प्रत्येक अँटीव्हायरसचं उरलंसुरलं काढायला त्याच्याच कंपनीचं वेगळं सॉफ्टवेअर मिळतं. ती तिन्ही उतरवली, सेफ मोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अगदी जुजबी चालू ठेवून, एकामागून एक चालवली. दुपारी भाताचा कुकर लागला नाही. नवऱ्याने फरसाण खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. दिवेलागणीच्या सुमारास नवा अँटीव्हायरस सुरू झाला, काम माझं झालं, आणि मी मिक्सरशेजारी बसून चक्क रडले.

आमच्या माडीवर भावोजींची एक खोली आहे. गणपतीचे दिवस सोडले तर वर्षभर तिला कुलूप असतं आणि किल्ली मुंबईत असते. त्यात कुणी राहत नाही, पण दुसऱ्या कुणी राहायचंही नाही. इतकी वर्षं मी तिच्यासमोरून केर काढत गेले, कधी काही बोलले नाही.

परवा भावोजींचा फोन आला. "वहिनी, यंदा आलो की कॉम्प्युटर साफ करून देतो हां."

"तो झालाय साफ," मी म्हटलं. "खोलीचं कुलूपही सुताराकडून काढून घेतलं. तुमच्या गाद्या पडवीत ठेवल्यात, टेबल माझं वर नेलंय. यंदा तुम्ही ओटीवर झोपा."