बंद यंत्रावरचा हार

नाशिकच्या फुलबाजारात झेंडूचा वास सुटला की अजूनही माझं डोकं फिरतं. तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी यीस्टकडून गाईच्या शरीरातलं, विषाणूंशी लढणारं एक प्रथिन बनवून घेत होते. कित्येक महिने फसल्यावर ते पहिल्यांदाच नीट तयार होऊ लागलं होतं. या यीस्टला सतत हवा लागते, म्हणून त्याचे फ्लास्क हलवणारं यंत्र अखंड चालू ठेवायचं असतं. दसऱ्याच्या दुपारी घरचं जेवण उरकून पोहोचले, तर खोलीत सगळं चिडीचूप. यंत्र बंद, झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूचा हार, आत यीस्ट गाळासारखं तळाला बसलेलं. झाकण उघडताच आंबूस भपकारा आला. तेवढ्यात माझे मार्गदर्शक सर पेढ्यांचा डबा घेऊन आत आले. "सर, हे बंद कोणी केलं?" "मीच. अगं, आज यंत्रांची पूजा. त्यांनाही एक दिवस विश्रांती नको का?" यीस्टला हवा का लागते, हे मला याच सरांनी शिकवलं होतं! वर त्यांनी पेढा पुढे केला. मी घेतला नाही. प्रयोगशाळेच्या पुढच्या बैठकीत माझा प्रयोग का फसला हे निघालं, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचं यीस्टच कमजोर निघालं." आज माझ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत दसऱ्याला हार मीच घालते, पण चालत्या यंत्राला. पाकळ्या खोलीभर उडतात, त्यांचा केरही मीच काढते. पण ते बटण बंद करायची कोणाची टाप नाही.